इंटरकॉन्टिनेन्टल कप: दोन खंडांचा तो एकच सामना परत यावा का?

पेठकरी
१७ डिसेंबर २०२५ च्या रात्री दोहात पॅरिस सँ-जर्मां आणि ब्राझीलचा फ्लामेंगो यांच्यात इंटरकॉन्टिनेन्टल कपची फायनल झाली. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. पॅरिसचा गोलकीपर साफोनोव्ह याने चार पेनल्टी अडवल्या आणि कप युरोपात गेला. फ्लामेंगो हरला, पण १२० मिनिटे युरोपच्या विजेत्याला त्याने सुचू दिलं नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतो.

आजचा कप सगळ्या खंडांचा आहे, पण १९६० ते २००४ या काळात याच नावाचा वेगळा कप होता. युरोपियन कपचा (आजची चॅम्पियन्स लीग) विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेच्या कोपा लिबर्तादोरेसचा विजेता, बस्स. आधी एक सामना इथे, एक तिथे. १९८० च्या स्पर्धेपासून टोयोटा कप या नावाने टोकियोत, शेवटी योकोहामात, एकच सामना. एकूण ४३ वेळा झाला. दक्षिण अमेरिका २२, युरोप २१. जगातल्या कुठल्याही दोन फुटबॉल परंपरांची इतकी अटीतटीची वही मला माहीत नाही.

२००५ पासून त्याच्या जागी फिफाचा क्लब वर्ल्ड कप आला, त्यात सगळ्या खंडांना घेतलं. त्यानंतर दक्षिण अमेरिकेचा शेवटचा विजेता कोण? २०१२ चा कोरिंथियन्स, ज्याने गेरेरोच्या गोलवर चेल्सीला १-० हरवलं. पुढे सगळे युरोपचेच.

माझं म्हणणं: जुना दोन खंडांचा सामना मोठा होता, आणि तो तसाच घरी-बाहेर पद्धतीने परत यायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

नवखी
साधा प्रश्न विचारते. युरोपचा कप जिंकलेल्या संघाला एवढ्या लांब जाऊन हा सामना खेळण्यात काय रस असायचा?

पेठकरी
@नवखी, सुरुवातीला खूप होता. १९६० मध्ये रेआल माद्रिदने युरोपियन कप पाचव्यांदा जिंकला होता, त्यांना हरवेल असं युरोपात कोणी उरलं नव्हतं. आणि कोपा लिबर्तादोरेस त्याच वर्षी सुरू झाली, ती मुख्यतः युरोपच्या विजेत्याशी खेळायला आपलाही एक विजेता हवा म्हणून. पहिला सामना मोंटेव्हिडिओत उरुग्वेच्या पेन्यारोलशी ०-०, परतीचा माद्रिदमध्ये ५-१. पुढच्याच वर्षी पेन्यारोलने पोर्तुगालच्या बेन्फिकाला हरवून कप नेला.

ऑफसाइड
रस कमी होत गेला हे मात्र खरं. १९७१ आणि १९७३ ला आयॅक्सने नकार दिला, १९७४ ला बायर्नने, १९७७ ला लिव्हरपूलने, १९७९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टने. त्यांच्या जागी उपविजेते गेले. १९७५ आणि १९७८ ला तर सामना झालाच नाही. आत्लेतिको माद्रिद १९७४ चा कप जिंकून बसलाय, आणि युरोपचं विजेतेपद त्यांना आजतागायत मिळालेलं नाही! पेठकरी, ज्या कपला विजेतेच येत नव्हते त्याला मोठा कसा म्हणायचा?

लाल_पक्षी_ठाणे
लिव्हरपूलचा चाहता म्हणून सांगतो, नकार देण्यामागे फक्त गर्व नव्हता. लांबचा प्रवास, आधीच गच्च भरलेला मोसम, आणि १९६७ ते १९६९ मध्ये जे घडलं त्याची दहशत.

१९६७ बघा. स्कॉटलंडचा सेल्टिक विरुद्ध अर्जेंटिनाचा रेसिंग. सेल्टिकचा तो संघ म्हणजे सगळे ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले. घरी १-० जिंकले. ब्युनोस आयर्सला सामना सुरू होण्याआधीच त्यांचा गोलकीपर रॉनी सिम्पसन याच्या डोक्यात प्रेक्षकांतून काहीतरी येऊन बसलं, दुसऱ्याला उतरवावं लागलं. तिथे २-१ हरले. तेव्हा दोन सामन्यांतल्या गोलांची बेरीज धरत नसत, त्यामुळे तिसरा सामना मोंटेव्हिडिओत. त्यात सहा जणांना मैदानाबाहेर काढलं, चार सेल्टिकचे. रेसिंगच्या कार्देनासने लांबून मारलेला गोल अप्रतिम होता, पण त्या दिवसाची आठवण निघते ती मारामारीची. परत आल्यावर सेल्टिकने आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी २५० पौंड दंड लावला.

आणि १९६९! मिलानचा नेस्तोर कोंबिन मूळचा अर्जेंटिनाचा, फ्रान्सकडून खेळणारा. ब्युनोस आयर्सच्या ला बोम्बोनेरा मैदानावर अर्जेंटिनाच्याच एस्तुदियान्तेसच्या खेळाडूंनी त्याला रक्तबंबाळ केलं, आणि सामना संपल्यावर लष्करी सेवा टाळली म्हणून पोलिसांनी त्यालाच अटक केली. पुढे सरकारने एस्तुदियान्तेसच्या तिघांना तुरुंगात टाकलं. गोलकीपर पोलेत्तीवर आजन्म बंदी आली, जी नंतर उठवली.

हे परत आणायचंय का?

मिडफिल्ड_मावशी
बाप रे. कोंबिनची गोष्ट माहीतच नव्हती. मार खाल्ला त्याने आणि कोठडीतही तोच!

पेठकरी
@लाल_पक्षी_ठाणे, मारामारी कोणाला हवी आहे? तेव्हा लाल-पिवळी कार्डंही नव्हती, ती १९७० च्या वर्ल्ड कपला आली. आज पंच, कॅमेरे, व्हीएआर (व्हिडिओवर तपासणारे पंच) सगळं आहे. घरी-बाहेर खेळवलं म्हणजे दंगल होणारच असं नाही.

तुम्ही फक्त ती तीन वर्षं सांगितलीत. १९६२ सांगा ना. ब्राझीलच्या सान्तोसने रिओच्या माराकानावर बेन्फिकाला ३-२ हरवलं आणि परतीच्या सामन्यात लिस्बनला ५-२. पेलेचे तीन गोल, तेही बेन्फिकाच्या घरच्या मैदानावर. तो सामना टोकियोत किंवा दोहात झाला असता तर त्याला ते मोल आलं नसतं. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन जिंकणं, यातच सगळं आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की अर्धी ईर्ष्या प्रेक्षकांच्या गॅलरीत असते. ती काढून घेतली तर उरतो सराव.

मांडवीतीर
बेन्फिकाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचे आजोबा लोरेन्सो मार्कीशला नोकरीला होते, आजचं मापुतो. मोझांबिकमध्ये तेव्हा गोंयकार भरपूर. बेन्फिकाचा तो प्रसिद्ध एवझेबियो त्याच शहरातला, त्यामुळे आजोबांच्या बोलण्यात तो शेजारच्या पोरासारखा यायचा.

१९६१ चा किस्सा ते रंगवून सांगत. बेन्फिका घरी १-० जिंकला, मोंटेव्हिडिओला ०-५ हरला. बेरीज नाही, त्यामुळे दोन दिवसांनी तिथेच तिसरा सामना. बेन्फिकाने एकोणीस वर्षांच्या एवझेबियोला घाईघाईने विमानाने बोलावून घेतलं. लांबचा प्रवास करून उतरला आणि गोल मारला! तरीही पेन्यारोल २-१ जिंकला. तारीख १९ सप्टेंबर १९६१. बरोबर तीन महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. म्हणजे त्या सामन्याच्या वेळी आमच्याकडे अजून पोर्तुगीज राज्य होतं आणि बेन्फिका हा, आवडो न आवडो, सत्ताधाऱ्यांच्या देशाचा संघ होता. आजोबांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नको होता पण एवझेबियो हवा होता, आणि यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे.

जुना_कूपरेज
मांडवीतीर, फार सुंदर लिहिलंत. आजोबांच्या अजून आठवणी असतील तर वेगळा धागा काढा.

मूळ मुद्द्यावर: टोकियोचा काळ कमी लेखू नका. टोयोटाचा पैसा आला, तटस्थ मैदान मिळालं, आणि युरोपच्या संघांचे नकार थांबले. माझ्या मते या कपचा सर्वांत चांगला काळ तोच. १९८१ ला फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-० लोळवलं. नुनेसचे दोन, आदिलियोचा एक, तिन्ही पूर्वार्धातच. झिकोने गोल मारला नाही, पण सामनावीर तोच ठरला. सामनावीराला टोयोटाची गाडी मिळायची आणि फोटोसाठी हातात भली मोठी किल्ली द्यायचे.

१९८५ चा युव्हेंटस-आर्हेन्तिनोस ज्युनियर्स सामना मिळाला तर पूर्ण बघा. प्लातिनीने छातीवर घेऊन, एकाला चकवून असा गोल मारला की बास, आणि पंचांनी ऑफसाइडमुळे तो रद्द केला. प्लातिनी गवतावर कुशीवर, हातावर डोकं टेकवून आडवा झाला आणि बघत राहिला. २-२ झाल्यावर पेनल्टीत युव्हेंटस जिंकला.

१९८७ ला भर बर्फवृष्टीत पोर्तोने पेन्यारोलला जादा वेळेत हरवलं. तसं मैदान आज दिसलं तर सामना होणार नाही.

ऑफसाइड
१९९१ विसरलात. रेड स्टार बेलग्रेड ३-० चिलीचा कोलो-कोलो. घरी युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं. सावीचेविचला पूर्वार्धातच बाहेर काढलं तरी उरलेल्या दहा जणांनी आणखी दोन गोल मारले. एकूण दोन युगोविचचे, एक पान्चेवचा. त्या संघात सर्ब, मॅसिडोनियन, मॉन्टेनेग्रीन सगळे होते. काही महिन्यांत तो देशच राहिला नाही.

लाल_पक्षी_ठाणे
@जुना_कूपरेज, ते ३-० तुम्ही आठवून द्यायलाच हवं होतं का? :)
१९८४ ला परत गेलो आणि इंदिपेन्दियेन्तेकडून १-० हरलो. ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्या एका गोलचं वजन अर्जेंटिनात वेगळंच होतं. २००५ ला क्लब वर्ल्ड कपमध्ये साव पाउलोकडून पुन्हा १-०. आमचे तीन गोल रद्द झाले त्या दिवशी आणि रोजेरियो सेनीने काय काय अडवलं! २०१९ ला एकदाचा फ्लामेंगोलाच १-० हरवून हिशोब थोडा फिटला.

नवखी
मॅराडोनाने हा कप कितीदा जिंकला?

जुना_कूपरेज
एकदाही नाही, तो हा सामना खेळलाच नाही. त्याचा पहिला क्लब आर्हेन्तिनोस ज्युनियर्स टोकियोला गेला तेव्हा तो नेपल्सला होता. अर्जेंटिनाच्या बोकाकडून, बार्सिलोनाकडून, नापोलीकडून त्याला ना लिबर्तादोरेस मिळाला ना युरोपियन कप.

आकडेमोड_नाशिक
थोडी आकडेवारी मांडतो, म्हणजे भावनेपलीकडे काही हाती लागेल.

१९६० ते १९७९: दक्षिण अमेरिका १०, युरोप ८.
१९८० ते १९९५: दक्षिण अमेरिका १०, युरोप ६.
१९९६ ते २००४: दक्षिण अमेरिका २, युरोप ७.

१९९५ आणि १९९६ च्या मध्ये काय घडलं? १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या न्यायालयाने बोसमान खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकतो, आणि युरोपीय संघाच्या देशांतल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून मर्यादा घालता येणार नाही. मग स्पेनच्या क्लबला इटालियन किंवा डच खेळाडू परदेशी राहिले नाहीत, आणि परदेशी खेळाडूंच्या ठरलेल्या जागा ब्राझील-अर्जेंटिनाच्या पोरांसाठी मोकळ्या झाल्या. शिवाय ज्यांचे आजोबा-पणजोबा इटली-स्पेनचे, त्यांना तिथला पासपोर्ट मिळायचा. त्यात चॅम्पियन्स लीगचा टीव्हीचा पैसा.

१९६२ चा सान्तोस घ्या. पेले, कुतिन्यो, पेपे, जिल्मार, झिटो, सगळे ब्राझीलमध्येच खेळत. १९९२ ला बार्सिलोनाला २-१ हरवणाऱ्या साव पाउलोत राई, काफू, म्युलर होते. राईने दोन्ही गोल मारले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेला. आता तर पोरगं अठराचं झालं की विमानात. विनिसियस फ्लामेंगोतून आणि रॉड्रिगो सान्तोसमधून थेट रेआल माद्रिदला गेले. डिसेंबर २०२४ च्या इंटरकॉन्टिनेन्टल फायनलमध्ये मेक्सिकोच्या पाचुकाविरुद्धच्या ३-० विजयात एकेक गोल या दोघांचा आहे, तिसरा एम्बापेचा.

म्हणून फिफाने स्वरूप बदललं आणि दक्षिण अमेरिका मागे पडली, हे पेठकरींचं म्हणणं मला पटत नाही. तराजू आधीच झुकला होता. जुना कप परत आणलात तरी २२-२१ परत येणार नाही.

मिडफिल्ड_मावशी
+१ नाशिककर. प्रतिसाद साठवून ठेवलाय.

पेठकरी
@आकडेमोड_नाशिक, आकडे बिनतोड आहेत. पण मग २००० चा बोका सांगा. बोसमानला पाच वर्षं झाली होती. समोर रेआल माद्रिद: राऊल, फिगो, रॉबेर्तो कार्लोस. पहिल्या सहा मिनिटांत पालेर्मोचे दोन गोल. रॉबेर्तो कार्लोसने एक फेडला, आणि त्यानंतर रिकेल्मेने चेंडू असा काही राखला की माद्रिदचे खेळाडू त्याच्या पाठीमागे नुसते फिरत राहिले. २००३ ला याच बोकाने मिलानला पेनल्टीत हरवलं. दोन्ही वेळा प्रशिक्षक कार्लोस बियान्ची, ज्याने त्याआधी १९९४ ला वेलेझकडूनही मिलानला हरवलं होतं. पैसा कमी म्हणजे हार नक्की, असं नव्हे. एका सामन्यात जिद्द आणि आखणी पुरते, आणि हा कप त्या एका सामन्यासाठीच होता.

दोहावासी
मी १७ तारखेला अहमद बिन अली स्टेडियममध्ये होतो. मेट्रोच्या रिफा स्टेशनापासून लाल-काळे शर्टच शर्ट, ढोल, गाणी. रिओहून एवढी माणसं आली होती की सामना फ्लामेंगोच्या घरचा वाटावा. पॅरिसचे लोक शांत बसले होते, त्यांच्यासाठी ते वर्षातल्या अनेक फायनलपैकी एक होतं. पेनल्टी संपल्यावर माझ्या पुढच्या रांगेतले वयस्क गृहस्थ खुर्चीत बसून रडत होते. ते १९८१ ची आठवण सांगत होते, तेव्हा शाळेत असतील.

पेठकरी म्हणतात ते परत आणायची गरज नाही, दक्षिण अमेरिकेच्या बाजूने ते कधी गेलेलंच नाही. बदलाची गरज युरोपला आहे.

ऑफसाइड
युरोपपेक्षा वेळापत्रकाला. २०२४ चा बोताफोगो बघा. ३० नोव्हेंबरला ब्युनोस आयर्सला लिबर्तादोरेसची फायनल जिंकली, पहिल्याच मिनिटात एक खेळाडू बाहेर जाऊन दहा जणांत! ८ डिसेंबरला ब्राझीलची लीग जिंकली. ११ डिसेंबरला दोहात पाचुकाशी सामना. ०-३ हरले, त्यात नवल ते काय? तेच रेआल माद्रिद थेट फायनलला येतं. घरी-बाहेर मागण्याआधी निदान विश्रांती तरी सारखी द्या.

सहारापार
इतका वेळ वाचत होतो. कामानिमित्त मोरोक्कोत काही वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही सगळे "दोन खंड" असं म्हणताय जणू बाकीचे खंड नव्हतेच. १९६० ते २००४ या ४४ वर्षांत आफ्रिकेच्या, आशियाच्या विजेत्याला त्या मैदानात पाऊल ठेवता आलं नाही. १९८६ ते १९९८ या काळात आशियाचा विजेता विरुद्ध आफ्रिकेचा विजेता असा आफ्रो-आशियाई क्लब कप व्हायचा. पहिला कोरियाच्या देवू रॉयल्सने जिंकला, शेवटचा कॅसाब्लांकाच्या ‘राजा’ या क्लबने. तुमच्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? तोही खंडविजेत्यांचाच सामना होता.

दार उघडल्यावर काय झालं? २०१० मध्ये काँगोच्या मझेम्बेने ब्राझीलच्या इंतेरनास्योनालला २-० हरवून फायनल गाठली, आणि त्यांचा गोलकीपर किडियाबा जमिनीवर बसून उड्या मारत नाचला. २०१३ मध्ये राजाने रोनाल्डिन्योच्या आत्लेतिको मिनेइरोला ३-१ हरवलं. त्या रात्री माराकेशमध्ये जे पाहिलं ते माराकानाच्या तोडीचं होतं. २०१६ मध्ये जपानच्या काशिमा अँटलर्सने रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत खेचलं, एका क्षणी २-१ पुढे होते. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सौदीच्या अल हिलालने मँचेस्टर सिटीला ४-३!

२२-२१ ही वही सुरेख आहे, मान्य. पण ती वही दोघांनीच लिहिली, कारण तिसऱ्याच्या हातात पेन दिलं नव्हतं.

मिडफिल्ड_मावशी
किडियाबाचा नाच! आमच्या मुलाने घरभर तसं करून फरशी पुसून काढली होती.

जुना_कूपरेज
सहारापार, पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो. जुन्या विजेत्यांना "जगज्जेते" म्हणायचं का, हा वाद वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफाच्या परिषदेने १९६० ते २००४ च्या सर्व विजेत्यांना क्लबांचे विश्वविजेते म्हणून मान्यता दिली. त्यामुळे ग्रेमियो, वेलेझ, ओलिम्पिया यांचा मान कागदावर पक्का आहे. माझ्या मते हे योग्यच झालं. त्या त्या काळी जे सर्वांत कठीण होतं ते त्यांनी जिंकलं.

पेठकरी
@सहारापार, राजा आणि मझेम्बेला दाराबाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही. मग असं करता येईल: आता जशी चालू आहे तशी आफ्रिका, आशिया, ओशिनिया, अमेरिका यांची चढाओढ राहू दे. त्यातून जो येईल तो आणि युरोपचा विजेता, एवढीच फायनल घरी-बाहेर दोन सामन्यांत. पॅरिसने माराकानावर यावं, किंवा कैरोला, किंवा जेद्दाहला. युरोपच्या विजेत्याला वर्षातून एकदा दुसऱ्याच्या अंगणात जायला लावा.

लाल_पक्षी_ठाणे
हे मला चालेल. कैरोत लिव्हरपूल बघायला मी स्वतः जाईन. इजिप्तचाच सलाह समोरच्या गॅलरीला काय म्हणेल?

आकडेमोड_नाशिक
तारखा कुठून आणणार? उन्हाळ्यात चार वर्षांतून एकदा ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप आहे, चॅम्पियन्स लीगचे साखळी सामने वाढलेत. युरोपचे क्लब दुसऱ्या प्रवासाला हो म्हणणार नाहीत. दोहा त्यांना चालतं कारण सहा-सात तासांत पोहोचतात आणि पैसे मिळतात.

मांडवीतीर
मग निदान फायनलची जागा फिरती ठेवा, एक वर्ष आफ्रिका, एक वर्ष दक्षिण अमेरिका.

सहारापार यांच्या मुद्द्यावरून आमच्याकडचं सांगतो. २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, असा पहिला भारतीय क्लब. आमच्या फातोर्डा स्टेडियमवर कतारच्या अल रय्यानला ०-० रोखलं, कोविडमुळे गॅलऱ्या रिकाम्या होत्या याची हळहळ अजून आहे. २०२२ ला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून भारताचा त्या स्पर्धेतला पहिला विजय मिळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल नस्र फातोर्ड्याला येऊन २-१ जिंकून गेला, रोनाल्डो आला नाही, पण ब्रायसनने मारलेला गोल आम्ही डोळ्यांनी पाहिला. ही खालच्या पायरीची आशियाई स्पर्धा, वरच्या एलिटमध्ये पोहोचणंच आज आमच्यासाठी डोंगर आहे.

पण आज वाट आहे. आशियाची एलिट जिंकली की थेट या कपात प्रवेश. जुन्या कपात ती वाटच नव्हती. फातोर्ड्यावर बसून मला त्या वाटेचं महत्त्व २२-२१ पेक्षा जास्त वाटतं.

सहारापार
मांडवीतीर, एलिटचे यंदाचे सामने कुठे बघता येतात ते टाका ना इथे. जेद्दाहच्या अल अहलीचा संघ कसा चाललाय ते पाहायचंय.